दुकानाची निशाणी आणि दोन बहिणींचे पत्रक

तालुक्याच्या गावी बाजाराला गेल्यावर कापडाच्या दुकानाचा पत्ता आपण कसा सांगतो? ‘मारुतीच्या देवळासमोरचं’, ‘पिंपळाखालचं’, ‘निळ्या दाराचं’. घराचा क्रमांक आपल्यापैकी कोणी सांगत नाही. सांगितला तरी तो हुडकीत कोणी फिरणार नाही. खूण सांगितली की माणूस बरोबर जाऊन पोचतो. तीनशे वर्षांपूर्वी लंडनसारख्या अफाट शहरातही हाच प्रकार होता, असे सांगितले तर आपल्याला थोडे नवल वाटेल. पण खरोखर तसेच होते. सहा लाखांच्या आसपास वस्ती, शेकडो गल्लीबोळ, आणि घरांना क्रमांक नाहीत! मग गिऱ्हाइकाने दुकान ओळखायचे कशावरून? तर दारावर टांगलेल्या चित्रावरून.

आजकाल नवे कापडदुकान काढणारा तरुण पहिल्याने दोन गोष्टींच्या मागे लागतो. एक दुकानाचे बोधचिन्ह, म्हणजे ज्याला सगळे ‘लोगो’ म्हणतात ते; आणि दुसरे खिशातून काढून हातात द्यायचे कार्ड. या दोन्ही गोष्टी अगदी आजच्या वाटतात. प्रत्यक्षात त्या फार जुन्या आहेत. त्यांचा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका गाजलेला नाही एवढेच. त्या इतिहासातले एक पान आज मी आपल्यापुढे उलगडणार आहे. ते पान एका शाळामास्तरच्या दोन मुलींचे आहे.

प्रथम त्या टांगलेल्या चित्रांविषयी. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने लंडनच्या नागरिकांना आपापल्या घरादुकानावर निशाणी टांगण्याची सनद दिली. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते, पण सिंह कोणता, हरीण कोणते, सोनेरी देवदूत कोणता हे पोरासोरांनाही कळे. त्यामुळे लाकडी फळीवर चित्र रंगवून ती लोखंडी दांड्याने रस्त्यावर टांगण्याची चाल पडली. शेजाऱ्यापेक्षा आपली पाटी मोठी दिसावी म्हणून जो तो ती वाढवीत सुटला. पुढे पुढे या पाट्यांनी गल्लीतला उजेड अडवला, वाऱ्यात त्या करकरू लागल्या. १७१८ साली ब्राइड लेन नावाच्या गल्लीत अशा एका पाटीच्या वजनाने घराची दर्शनी भिंत ढासळली आणि चार माणसे ठार झाली. बडेजावाची हाव कुठवर जाते पाहा!

या पाट्यांची आणखी एक गंमत होती. चित्राचा आणि मालाचा मेळ असेच असे नाही. शिकाऊ कारागीर स्वतंत्र दुकान काढी, तेव्हा आपल्या चिन्हाला धन्याचे चिन्ह जोडून देई. त्यातून कशालाच काही मेळ नसलेली जोडचित्रे तयार होत. १७११ साली जोझेफ ॲडिसन या नामांकित लेखकाने आपल्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात या गोंधळाची थट्टा केली आणि चिन्ह पाहून दुकानातला माल कळला पाहिजे असा आग्रह धरला. आजचे जाहिरातशास्त्र याहून फार वेगळे काही सांगत नाही.

आता त्या मास्तरांकडे वळू. रिचर्ड हॉगार्थ हे त्यांचे नाव. माणूस विद्वान. लॅटिन शिकवावे, लॅटिनची क्रमिक पुस्तके लिहावीत, हा त्यांचा व्यवसाय. पण विद्येवर पोट भरेना, तेव्हा त्यांनी एक कॉफीगृह काढले, आणि तेथे लॅटिन भाषेतून बोलणे चालेल असे जाहीर केले. आपल्यातले शिक्षक हसतील, आणि थोडे गंभीरही होतील. ते दुकान बुडाले. कर्ज फिटेना म्हणून मास्तरांना फ्लीट नावाच्या तुरुंगात जावे लागले. कर्जबाजाऱ्यांसाठीच तो तुरुंग प्रसिद्ध होता. पुढे १७१२ साली त्यांची सुटका झाली आणि १७१८ साली ते वारले. मागे राहिली बायको आणि तीन मुले: थोरला विल्यम, आणि त्याच्या पाठच्या दोघी बहिणी, मेरी आणि ॲन.

विल्यम १६९७ चा. बापाची दशा पाहून त्याने पुस्तकी विद्येचा नाद सोडला आणि एलिस गॅम्बल नावाच्या चांदीवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी धरली. ताटवाट्यांवर सरदारांची कुलचिन्हे कोरायची, हे तिथले काम. या कामाने त्याचा हात बसला. एप्रिल १७२० मध्ये त्याने स्वतःच्या नावाचे धंद्याचे पत्रक कोरले आणि स्वतंत्र कारागीर म्हणून उभा राहिला. पुढे हाच विल्यम हॉगार्थ इंग्लंडचा थोर चित्रकार झाला. समाजातल्या ढोंगावर आणि व्यसनांवर कोरडे ओढणारी त्याची चित्रे आजही पाहिली जातात. पण आपल्याला आज त्याच्या मोठेपणाशी कर्तव्य नाही. आपल्याला त्याच्या बहिणींचे दुकान पाहायचे आहे.

मेरी आणि ॲन या दोघींनी लग्न न करता तयार कपड्यांचे दुकान थाटले. त्या काळी अंगावरचा कपडा बहुधा मापे देऊन शिंप्याकडून शिवून घेत. आयते शिवलेले कपडे घेणारा वर्ग म्हणजे कामकरी आणि बेताच्या मिळकतीचे लोक, शिवाय लहान मुले. दुकान होते लंडनच्या जुन्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाच्या आवारालगत, ‘लाँग वॉक’ नावाच्या वाटेच्या कोपऱ्यावर. १७३० च्या सुमारास त्यांना ती जागा सोडून जवळच, लिटल ब्रिटनच्या वेशीलगत, दुसरीकडे जावे लागले. नव्या जागेची निशाणी होती ‘किंग्ज आर्म्स’, म्हणजे इंग्लंडच्या राजाचे राजचिन्ह.

इथे खरी अडचण उभी राहते. बाप गेलेला, पाठीशी मोठे भांडवल नाही, बायकांनी चालवलेले दुकान, आणि त्यात जागा बदललेली. जुने गिऱ्हाईक जुन्या कोपऱ्यावर येणार, दार बंद पाहणार आणि शेजारच्या दुकानात शिरणार. गावात ज्याने कधी दुकान हलवले असेल त्याला हे दुःख सांगायला नको. मग करायचे काय? यासाठी एक पत्रक कोरण्यात आले. ते भाऊ विल्यमच्याच हातचे असे मानतात. हे पत्रक म्हणजे त्या दुकानाचा लोगो आणि कार्ड, दोन्ही एकत्र.

त्या पत्रकात काय आहे, ते नीट पाहू. वर राजचिन्ह, म्हणजे दारावरची निशाणी जशीच्या तशी कागदावर. सोबत दुकानाच्या आतला देखावा. खाली मजकूर. मजकुराचा आरंभ दोघी बहिणींच्या नावांनी होतो. ‘मंडळी’ नाही, ‘आणि कंपनी’ नाही. मेरी आणि ॲन हॉगार्थ. लगेच सांगितले आहे की या लाँग वॉकच्या कोपऱ्यावरच्या जुन्या फ्रॉकच्या दुकानातल्याच. त्यानंतर नवा पत्ता: कोणती निशाणी, कोणत्या वेशीला लागून, कशाच्या जवळ. म्हणजे गिऱ्हाइकाला जुन्या जागेपासून हाताला धरून नव्या जागेपर्यंत आणून सोडले आहे. जुन्या नावावर जो विश्वास साठला होता तो वाटेत सांडू दिलेला नाही.

त्यानंतर मालाची यादी. सर्वांत चांगले आणि ‘सर्वांत फॅशनेबल’ असे तयार फ्रॉक आमच्याकडे मिळतील, असे शब्द आहेत. होय, फॅशनेबल! हा शब्द आजच्या पोरांनी आणलेला नाही. फ्रॉक म्हणजे मात्र आपल्याकडचा मुलींचा झगा नव्हे. पुरुषांचा आणि मुलांचा सैलसर वरचा अंगरखा असा त्या काळचा अर्थ. मग फस्टियनचे पोशाख, म्हणजे अळशीच्या धाग्याचा ताणा आणि सुताचा बाणा घातलेले जाड कापड. टिकिंग, म्हणजे गादीच्या खोळीसारखे घट्ट विणीचे. हॉलंड नावाचे तागे, पट्टेदार डिमिटी, फ्लॅनेलच्या बंड्या. आणि मध्येच एक नेमका शब्द येतो: ‘ब्ल्यूकोट’ मुलांच्या चड्ड्या. जवळच ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची १५५२ साली स्थापन झालेली मोठी शाळा होती. तिथल्या मुलांचा गणवेश लांब निळ्या कोटाचा, म्हणून त्या मुलांचे नाव निळे कोटवाले. बहिणींनी आपल्या दारावरून रोज कोण जाते हे पाहून माल ठेवला आणि तो पत्रकावर लिहिला. शेवटी घाऊक आणि किरकोळ दोन्ही, आणि भाव वाजवी.

आता फॅशनची गोष्ट निघालीच आहे तर त्या यादीत काय नाही, हेही पाहिले पाहिजे. त्यात आपल्याकडची छीट नाही. रंगीत, फुलावेलींच्या हिंदी छिटांनी त्या आधीच्या पन्नास वर्षांत विलायतेतल्या बायकांना वेड लावले होते. सुरतेहून आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजे भरभरून हे कापड जाई. तिथले लोकरीचे आणि रेशमाचे विणकर उपाशी मरू लागले. १७१९ साली तर लंडनच्या चिडलेल्या विणकरांनी रस्त्यात छीट नेसलेल्या बायकांचे कपडे फाडले. अखेर पार्लमेंटने १७२१ साली कायदा केला, आणि १७२२ च्या नाताळापासून छापील, रंगवलेली सुती छीट अंगावर घालणे हाच गुन्हा ठरला. घालणाऱ्याला पाच पौंड दंड, विकणाऱ्याला वीस. फस्टियनला मात्र त्यातून सूट होती. म्हणजे मेरी आणि ॲन यांच्या पत्रकावर फस्टियन का आहे आणि छीट का नाही, याचे उत्तर सुरतेच्या धक्क्याशी जाऊन पोचते. एका गल्लीतल्या दुकानाचा कागद, पण त्यावर दोन खंडांच्या व्यापाराची सावली पडलेली आहे. ती बंदी उठायला १७७४ साल उजाडले.

हे पत्रक तयार कसे होई? तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर पोलादी टोचणीने चित्र आणि अक्षरे कोरायची, आणि तीही उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी उमटतील. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढायचा. एक पत्रा झाला की शेकडो प्रती निघत. पत्ता बदलला तर पत्र्याची ती जागा मागून ठोकून सपाट करीत आणि तिथे नवा मजकूर कोरीत. कागद आजच्या कार्डापेक्षा मोठा आणि पातळ असे. त्याच्या पाठीवर दुकानदार बिलाचा हिशेबही मांडी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी हिशेबाबरोबर दुकानाची निशाणीही जपून राही.

तांब्यावर कोरणे ही कला आपल्याला परकी नाही. आपल्या ताम्रपटांची परंपरा दीड हजार वर्षांहून जुनी आहे. फरक असा की ताम्रपट स्वतःच मूळ दस्तऐवज. त्यापासून छाप काढायची नसते, म्हणून अक्षरे सुलटी. पत्र्यावरून छापण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो मिरजेला. गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली १८०५ साली तिथे भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापण्यात आली. तांबटाची हातोडी आणि छापखाना यांची अशी गाठ आपल्याकडेही पडली होती.

पुन्हा हॉगार्थकडे येऊ. चित्र कोरून ते विकायचे म्हटले की चोर मागे लागतात. १७३२ साली त्याची एक चित्रमाला लोकप्रिय झाली आणि लगोलग तिच्या बनावट नकला बाजारात आल्या. घाम एकाचा, गल्ला दुसऱ्याचा! हॉगार्थ गप्प बसणारा नव्हता. त्याने इतर कारागिरांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडे दाद मागितली आणि १७३५ साली कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला. चित्र काढणाऱ्याला चौदा वर्षे त्यावर हक्क मिळाला. लोक त्याला ‘हॉगार्थचा कायदा’ म्हणू लागले. आपली नवी चित्रमाला त्याने कायदा अंमलात येईपर्यंत मुद्दाम थांबवून धरली होती.

१७६० नंतरच्या काळात लंडनच्या रस्त्यांचे रूप पालटले. वाहतुकीला आणि हवेला अडथळा म्हणून टांगत्या पाट्या काढून भिंतीला सपाट बसवण्याचे हुकूम १७६२ पासून निघू लागले, आणि हळूहळू घरांवर क्रमांक आले. त्याच १७६२ साली बॉनेल थॉर्नटन नावाच्या विनोदी लेखकाने लंडनमध्ये चक्क पाट्या रंगवणाऱ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि त्यात म्हाताऱ्या हॉगार्थने हौसेने हात लावला. दोन वर्षांनी, १७६४ मध्ये, तो वारला. मेरी आधीच गेली होती. ॲन १७७१ पर्यंत होती. चिझिक गावातल्या हॉगार्थच्या समाधीवर तिचेही नाव कोरलेले आहे. पाट्या खांबावरून उतरल्या, पण निशाण्या मेल्या नाहीत. पत्ता सांगायचे काम क्रमांकाने उचलले, तेव्हा निशाणीकडे दुसरेच काम आले: हा माल कोणाचा, हे सांगायचे. आजचा लोगो इथून निघाला.

आणि हीच निशाणी शेदीडशे वर्षांनी आपल्या दारात आली. मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येऊ लागले, तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटवलेले असे. बाजारात त्याला ‘टिकिट’ किंवा ‘छाप’ म्हणत. विलायतेतल्या छापखान्यात छापलेले, पण चित्र आपल्या ओळखीचे: हत्ती, वाघ, मोर, देवदेवता. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्याचे पाऊल पडले, आणि पुढे देशी गिरण्यांनीही तोच मार्ग धरला. गिऱ्हाइकाला वाचता येत नसले तरी छाप ओळखता येई. मागच्या खेपेला याच छापाचे धोतर टिकले होते, म्हणून याही खेपेला तोच छाप द्या, असा तो व्यवहार. साहजिकच नकली छाप निघाले आणि मापातही लबाडी होऊ लागली. म्हणून १८८९ साली मालावरील खुणांसंबंधी कायदा झाला. त्यात ताग्यावर लांबीचे वार स्पष्ट आकड्यांत छापले पाहिजेत असे कलम घातले गेले. चित्रावर विसंबणाऱ्या अडाणी गिऱ्हाइकाला कायद्याने निदान आकड्यांचा आधार दिला.

इंग्लंडात व्यापारचिन्हांची सरकारी नोंद १८७५ च्या कायद्याने सुरू झाली. आपल्या देशात तसा कायदा १९४० साली झाला, त्याची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली, आणि आज चालतो तो १९९९ चा कायदा. तो २००३ पासून अंमलात आहे. आपल्या कपड्याचे चिन्ह कोणालाही या कायद्याखाली नोंदवता येते. मालाचे वर्ग पाडलेले आहेत. कपड्यांचा वर्ग पंचविसावा. नोंद दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवून घेता येते. खेड्यात शिवणयंत्रावर कपडे करणाऱ्या भगिनींच्या बचत गटालाही ही वाट मोकळी आहे, हे मी मुद्दाम सांगतो. कारण ती मोठ्या शहरातल्या बड्या कंपन्यांसाठीच आहे, असा आपल्याकडे समज आहे.

आता कोणी विचारील, या जुन्या कागदाचा आम्हाला उपयोग काय? उपयोग आहे. आज चित्र काढणे सोपे झाले आहे. संगणकावर बसलेला मुलगा घटकाभरात दहा लोगो काढून देतो. मोर हवा मोर घ्या, मुकुट हवा मुकुट घ्या. पण मेरी आणि ॲन यांच्या पत्रकापुढे आपले कार्ड ठेवून पाहावे. माल कोणाकडून घ्यायचा ते त्यावर आहे का? नवखा माणूस ते वाचून दारापर्यंत येईल का? नेमके काय मिळते, ते लिहिले आहे की ‘सर्व प्रकारचे कपडे’ असे मोघम लिहून जागा भरली आहे? दारावरच्या पाटीवर जे चित्र आहे तेच कार्डावर आहे, की पाटीवर एक आणि कार्डावर दुसरे? आणि ते चित्र आपले स्वतःचे आहे, की कुणा मोठ्या कंपनीच्या चिन्हाची चार रेघांनी फिरवलेली नक्कल? ही शेवटची गोष्ट तर कायद्यातही अंगाशी येते आणि लौकिकातही.

एक मात्र विसरू नये. राजाचे राजचिन्ह वापरले म्हणून बहिणींचा फस्टियन जास्त टिकला नसेल. किंग्ज आर्म्स नावाची निशाणी लंडनात ठिकठिकाणी होती. तिच्यामुळे कोणी राजाचा कपडेवाला ठरत नसे. चिन्ह गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणते. दुसऱ्यांदा आणण्याचे काम शिवणीचे. उसवलेल्या सदऱ्यावरचा सुंदर छाप गिऱ्हाइकाच्या पक्का लक्षात राहतो, पण तो त्या दुकानात पुन्हा न जाण्यासाठी.

शिक्षक बंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या पुस्तकात लढाया आणि तह पुष्कळ असतात. गल्लीतला इतिहास मुलांनी स्वतः गोळा करायचा असतो. विद्यार्थ्यांना आपल्या गावातल्या दुकानांची जुनी बिले, कार्डे, घरातल्या पेटीत राहिलेली कापडावरची टिकिटे, पिशव्या आणायला सांगा. त्यावरची चित्रे, पत्ते, मालाची नावे वहीत उतरवून घ्या. कोणता माल पूर्वी मिळे आणि आता मिळत नाही, कोणते दुकान कुठून कुठे हलले, कोणाच्या जागी कोण आले, हे आजोबांना विचारायला लावा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशी दुकानांची हजारो पत्रके जपून ठेवलेली आहेत. सेरा बँक्स नावाच्या एका बाईने आणि पुढे ॲम्ब्रोझ हील नावाच्या एका दुकानदाराने, लोक रद्दीत टाकीत तो हा कागद, हौसेने जमवला, म्हणून आज तो इतिहासाच्या कामी येतो. आपल्या गावची रद्दी उद्याच्या सोमवारी विकायला काढण्यापूर्वी तिच्यावरून एकदा हात फिरवून पाहावा, एवढीच माझी विनंती.